बंदुकीचं तोंड कुणाकडे

कॉफीच्या किटलीचं तोंड आपल्याकडे आहे हे रॉबर्टा स्टॅनर्डच्या लक्षात आलं आणि तिने किटली फिरवली.

"आता ते माझ्याकडे आलं," तिचा नवरा एव्हरेट म्हणाला.

"तुला त्याचं काही वाटतं का?"

"कॉफी हवी असं वाटतं."

रॉबर्टाने उठून कॉफी ओतली, किटली खिडकीकडे तोंड करून ठेवली, बसली, पुन्हा उठली आणि ओट्यावरच्या मिरीच्या गिरणीचा दांडा भिंतीकडे वळवला. एव्हरेट बघत होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने एक गोष्ट शिकून घेतली होती, ती म्हणजे बघत राहणं.

हे मागल्या मार्चपासून चाललं होतं. कचेरीतलं स्टेपलर, टाचण्यांच्या डबीचं झाकण, नळ, काटाचमचे, वाढदिवसाला आलेला काचेचा हंस. ज्या वस्तूला म्हणून तोंड आहे ती वस्तू आपल्याकडे रोखून बसलीय असं तिला वाटायचं आणि हात आपोआप पुढे जायचा. हंसाला तर तिने शेवटी कपाटात घातलं. तिथेही तो दाराकडे तोंड करूनच बसला असणार, असा तिला संशय होता.

रॉबर्टा पेल्टन गावची दप्तरदार. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडातली अशी गावं उंच डोंगरांच्या सांदीत असतात, माणसं सहाशे, त्यांतली निम्मी एकमेकांची मावसभावंडं आणि उरलेली निम्मी एकमेकांशी बोलत नसलेली. जन्म, मृत्यू, लग्न, कुत्र्यांचे परवाने, जमिनीच्या हद्दी आणि गावसभेचं इतिवृत्त, सगळं दप्तरदाराने लिहायचं. बावीस वर्षं ती दर खेपेस निवडून येत होती, कारण तिच्याविरुद्ध उभं राहायचं तर तळघरातल्या तिजोरीची चावी सांभाळावी लागते आणि त्या तिजोरीच्या दाराला खांदा लावायला लागतो.

गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी. बर्फ वितळू लागलेलं, रस्त्याचा चिखल, मेपलच्या झाडांना गोड रसासाठी बादल्या टांगलेल्या. अख्खं गाव सभागृहात घडीच्या खुर्च्यांवर बसतं. बायका विणतात, पुरुष हाताची घडी घालतात, शाळेसाठी डोनट विकले जातात, आणि मध्येच कधीतरी 'होय' किंवा 'नाही' असं ओरडून गावाचा वर्षाचा कारभार ठरतो. मागल्या मार्चमध्ये रस्ता सपाट करायच्या यंत्रावर बोलायला ऑरिन लायफर्ड उभा राहिला. ऑरिनला गेल्या काही वर्षांत पोट सुटलं होतं आणि कमरेचं पिस्तूल बसल्या-उठल्या पोटात रुतायचं. म्हणून त्याने ते काढलं आणि समोरच्या टेबलावर ठेवलं. समोरचं टेबल दप्तरदाराचं.

यंत्रावरची चर्चा अडीच तास चालली. अडीच तास पिस्तुलाचं तोंड रॉबर्टाच्या पोटाकडे. ती लिहीत होती. बोलायचं तर हात वर करून सभापतींची परवानगी मागायची असते, आणि तिच्या हातात पेन होतं. त्या दिवसाचं इतिवृत्त कुणी काढून बघितलं तर पहिल्या पानावर अक्षर आहे आणि पाचव्या पानावर भूकंपमापकाची रेघ आहे.

तिला बंदुकीची भीती नव्हती. वडिलांची रायफल तिच्या कोठीत होती आणि दर नोव्हेंबरला ती एक हरीण घरी आणायची. बंदुकीचं तोंड जिवंत माणसाकडे करायचं नाही, हे वडिलांनी सातव्या वर्षी एक थोबाडीत देऊन शिकवलं होतं. तीच थोबाडीत ऑरिनच्या वडिलांनी ऑरिनला द्यायला हवी होती, पण ते स्वभावाने मऊ होते.

ऑरिनला ती यातलं काही बोलली नाही. तिकडे अशी गोष्ट माणसाला तोंडावर सांगत नाहीत. गावाकडून ठराव करून घेतात. जूनमध्ये खास सभा झाली आणि सभागृहात बंदूक आणायला बंदी घालणारा नियम चौऱ्याण्णव विरुद्ध एकसष्ट मतांनी पास झाला. ऑक्टोबरमध्ये ऑरिनने घटनेचा आधार घेऊन गावाविरुद्ध केंद्राच्या कोर्टात दावा लावला. डिसेंबरात बर्फ पडायला लागल्यावर दरवर्षीप्रमाणे तो ट्रक घेऊन रॉबर्टाच्या दारातला रस्ता मोकळा करायला आला.

"बर्टी, कोर्टाचं काही कळलं का?" ट्रकची काच खाली करून त्याने विचारलं.

"दावा तू लावलायस. तुला कळायला हवं."

"माझा वकील फोन उचलत नाही."

"आमची उचलते."

"मग तिला विचार ना, जानेवारीत आहे का फेब्रुवारीत. मला झाडांना बादल्या लावायच्यात."

"फेब्रुवारीच्या वीस तारखेला. आणि ऑरिन, टेबलावर ठेवलं होतंस ते भरलेलं होतं का?"

"रिकामं पिस्तूल घेऊन कोण हिंडतं? मग हातोडीच नाही का घ्यायची?" ऑरिनने काच वर केली, पुन्हा खाली केली. "हे बघ, तुझ्यावर राग नाही हां. पण ते माझ्या घटनेत लिहिलंय."

"घटनेत टेबलाचं काही लिहिलेलं नाही."

"म्हणजेच टेबलाला बंदी नाही," ऑरिन म्हणाला आणि विजयी मुद्रेने तिच्या गुलाबाच्या आळ्यावर बर्फाचा ढीग लोटून गेला.

गावाची वकीलबाई जोसलिन फॉक ही राज्याच्या राजधानीतली, वय एकतीस, बूट नाजूक. जानेवारीत ती पेल्टनला आली तेव्हा तिने कोर्टाची रीत समजावून सांगितली.

"नियम चांगला की वाईट, त्याने कुणाचा जीव वाचतो की नाही, हे आता कोर्ट बघत नाही, मिसेस स्टॅनर्ड. वॉशिंग्टनच्या वरच्या कोर्टाने सांगून ठेवलंय, इतिहास बघा. घटनेत बंदुकीचा हक्क आला सतराशे एक्क्याण्णव साली. त्या सुमाराच्या माणसांनी असा काही नियम केला होता का, एवढंच बघायचं."

"आणि त्यांना सुचलं नसेल तर?"

"तर आपल्यालाही सुचू नये."

रॉबर्टाने स्टेपलर फिरवलं. "पण मतदानाच्या जागी बंदूक नको, हे तर वरच्या कोर्टालाही मान्य आहे असं पेपरात होतं."

"आहे ना. पण समोरचा वकील म्हणतो, जिथे विणकाम चालतं आणि डोनट विकले जातात तिला मतदानाची जागा म्हणता येत नाही. आणि आपल्या जजसाहेबांना ते पटल्यासारखं दिसतंय. ते म्हणाले, गावसभेसाठीच असा नियम होता, असं दाखवा. काही जज तो हक्क राज्यांनाही लागू झाला त्या अठराशे अडुसष्ट सालापर्यंतचं चालवून घेतात. हे नाही चालवून घेत. एक्क्याण्णवच्या अलीकडे-पलीकडे दहा वर्षं, बस. तुमच्याकडे जुनी दप्तरं आहेत ना?"

रॉबर्टाला हसू आलं. ते जवळजवळ वर्षभराने आलेलं असल्यामुळे नीट जमलं नाही.

तिजोरीत पेल्टनचं दप्तर पहिल्या दिवसापासूनचं होतं. खंड पहिला, १७८६ ते १८०३. चामड्याची बांधणी, वजन एखाद्या वासराएवढं. तीन आठवडे ती रोज सकाळी तळघरात उतरायची. एके ठिकाणी पाच मिनिटं बसवायचं नाही. दोन पानं वाचायची, उठायची, दार ढकलून बघायची, पुन्हा वाचायची. डुकरं मोकळी सोडल्याबद्दल दंड. कोणाच्या मेंढीच्या कानाला ओळखीचा कोणता काप. पुलाच्या फळ्या. पाद्र्याला जळाऊ लाकडं किती. विधवा मर्सी टोलला कुणाच्या घरी जेवू घालायचं. त्या काळच्या माणसांना बंदुकीचं काहीच कसं वाटत नव्हतं, असं तिला वाटू लागलं. त्यांना डुकराचंच फार वाटत होतं.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी सापडलं. १७९३ च्या मार्चच्या सभेचं इतिवृत्त अर्ध्या पानात संपलं होतं आणि त्याच्याखाली, त्याच पानावर लिहिलं होतं: 'याच सभेत ठरले की सभा चालू असता कोणीही आपली बंदूक सभागृहात आणू नये, आणील त्याने एक पोते राय धान्य गावाला द्यावे.'

तिने उभ्याउभ्याच फोटो काढला आणि पाठवून दिला. दहा मिनिटांत जोसलिनचा फोन आला. पलीकडून नुसती किंकाळी ऐकू येत होती. बुधवारपर्यंत विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं, कागद अठराव्या शतकातला, शाई लोखंडाची, ओळींवरचे करडे डाग हे कालौघाचे, निष्कर्ष निःसंशय. एव्हरेटने त्या दिवशी जेवताना मिरीची गिरणी मुद्दाम तिच्याकडे दांडा करून ठेवली. तिने ती फिरवली नाही. एव्हरेटने दोनदा भात वाढून घेतला.

गुरुवारी ती खंड जागेवर ठेवायला खाली गेली. ठेवण्याआधी ते पान एकदा डोळे भरून बघावं म्हणून उघडलं. आणि फोटोत न दिसलेलं दिसलं. डाग कालौघाचे नव्हते. डाग तळहाताचे होते.

रॉबर्टा डावखुरी. लिहिताना डाव्या हाताची कड ओल्या शाईवरून पुढे जाते आणि ओळ पुसली जाते. शाळेत याच पायी तिने अर्धं बालपण कोपऱ्यात उभं राहून काढलं होतं. १७९३ चा दप्तरदार जोब व्हीलर उजवा होता. त्याचं अक्षर देवळाच्या खांबासारखं सरळ, स्वच्छ, कुठे डाग नाही. पेल्टनच्या अठरा दप्तरदारांची अक्षरं ती शेजाऱ्यांच्या चालीसारखी ओळखायची. त्यांत तिच्याआधी डावखुरा एकच होऊन गेला, एल्काना पुटनी. मागे झुकलेली अक्षरं, गळासारख्या शेपट्या, आणि प्रत्येक ओळीवरून फिरलेला हात. एल्काना दप्तरदार होता १८३६ ते १८५२.

तिने चौथा खंड काढला. तो १८४० ला संपत होता. पाचवा १८४३ ला सुरू होत होता. मधल्या वर्षांचं दप्तर आगीत गेलं, असं गावात सगळे सांगत. त्या आगीवर शाळेतली मुलं निबंध लिहीत. चौथ्या खंडाच्या अगदी शेवटच्या ओळीत, समासात कोंबून, एल्कानाने लिहिलं होतं: 'दप्तरासाठी नवी वही घेण्याचा ठराव नामंजूर. जुन्या वह्यांत जागा आहे असे श्री. डॅना यांचे म्हणणे.'

रॉबर्टा खाली बसली. पहिल्यांदाच ती एका जागी अर्धा तास बसून होती. पहिल्या खंडात जोब व्हीलरने जिथे जिथे अर्धं पान मोकळं सोडलं होतं, तिथे तिथे एल्काना लिहून गेला होता. डुकरांच्या खाली डुकरं, पुलांच्या खाली पूल. अठ्ठेचाळीस वर्षांनंतरचा कारभार आजोबांच्या पानांवर. बंदुकीचा नियम होता १८४१ चा. 'याच सभेत' म्हणजे दोन पानं आधी त्याने सुरू केलेली, मेंढ्यांच्या कानांच्या यादीखाली दडलेली सभा. तिच्यावर साल होतं, कोपऱ्यात, बारीक.

गावात आग लागलीच नव्हती. फक्त काटकसर झाली होती.

आणि यात हसण्यासारखं काही आहे असंही तिला म्हणता येईना, कारण हे शोधताना तिने सगळी टिपणं जुन्या मतपत्रिकांच्या पाठीवर लिहिली होती.

तीन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. नळ, किटली, काटे, सगळं पुन्हा फिरू लागलं. रविवारी चर्चमध्ये बाकाच्या टोकाला कोरलेलं कबुतर तिच्याकडे बघत होतं म्हणून ती उठून दुसऱ्या बाकावर गेली, आणि शेजारी बसलेल्या, शाळेसाठी डोनट विकणाऱ्या मिसेस डॅनाला वाटलं की आपल्या अत्तरामुळे. एव्हरेटला तिने रविवारी संध्याकाळी सांगितलं. त्याने सगळं ऐकलं.

"दुसऱ्या कुणाला कळेल का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग तुला इतकं काय होतंय?"

"मला कळलंय ना."

सोमवारी तिने जोसलिनला फोन केला.

"ते पान अठराशे एक्केचाळीसचं आहे."

पलीकडे कुठेतरी कॉफीचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "कोण म्हणतं?"

"एल्काना पुटनी."

"हे कोण? समोरच्यांचे तज्ज्ञ?"

"माझ्या आधीचे दप्तरदार. बऱ्याच आधीचे." तिने डागांचं, वहीच्या ठरावाचं, सगळं सांगितलं.

"मिसेस स्टॅनर्ड, हे अक्षर ओळखणारी माणसं जगात किती आहेत?"

"मी आहे."

"आणि?"

"एवढीच."

जोसलिन वकील होती, पण वाईट नव्हती. "मी तुम्हाला खोटं बोलायला सांगणार नाही. पण प्रतिज्ञापत्र वाचा. त्यात एवढंच आहे की हे पान खंड एकमधलं आहे आणि खंड एकवर १७८६ ते १८०३ असं लिहिलेलं आहे. यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का?"

"नाही."

"तर मग?"

"खाली माझी सही आहे. 'खरी नक्कल' म्हणून. बाई, या गावातली प्रत्येक हद्द माझ्या सहीवर उभी आहे. ऑरिनचं कुंपणसुद्धा. मी एका पानाला चुकीचं साल दिलं तर उद्या तो म्हणेल, ओढ्यापर्यंतची जमीन माझी, आणि मी काय दाखवू?"

"पण मग तो मार्चमध्ये पिस्तूल घेऊन येईल. तुमच्याच टेबलावर ठेवील."

"ते मला ठाऊक आहे," रॉबर्टा म्हणाली. बोलता बोलता तिने फोनच्या रिसीव्हरचं तोंड स्वतःपासून दूर वळवलं होतं, त्यामुळे जोसलिनला ते नीट ऐकू गेलं नाही आणि तिला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं.

तिने प्रतिज्ञापत्रात एक वाक्य वाढवलं आणि सही केली. डाव्या हाताने, अर्थातच. सही पुसली गेली.

वीस फेब्रुवारीला कोर्टात जायला रॉबर्टा आणि ऑरिन दोघं ऑरिनच्याच ट्रकमधून गेली. शहर दोन तासांवर, जायचं एकाच दारात, तेव्हा दोन गाड्यांचं पेट्रोल जाळण्यात काही अर्थ नाही, यावर वादी आणि प्रतिवादी यांचं एकमत होतं. कोर्टाच्या दारात धातू शोधणारी चौकट होती. ऑरिनला पिस्तूल ट्रकच्या कप्प्यात ठेवून यावं लागलं. त्याबद्दल तो बराच वेळ पुटपुटत होता. शिपायाने रॉबर्टाच्या पिशवीतल्या विणकामाच्या सुया काढून घेतल्या.

"हा नियम कोणत्या सालचा?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही, बाई. मी गेल्या सोमवारी लागलोय."

जज व्हिटकॉम म्हातारे होते, आणि तरुणपणी कायदा शिकून म्हातारपणी इतिहास शिकवला जातोय याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा एक रुसवा होता. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"मिसेस स्टॅनर्ड, तुम्ही लिहिलेलं हे शेवटचं वाक्य तुमच्याच गावाच्या विरुद्ध जातं, याची तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे, साहेब."

"तुमच्या विद्वान प्राध्यापकांच्याही विरुद्ध जातं."

"ते डावखुरे नसतील, साहेब."

"समोरच्या बाजूने हे विचारलंही नव्हतं."

"त्यांना ठाऊक नव्हतं ना."

"मग लिहिलंत का?"

रॉबर्टाला प्रश्नच नीट कळला नाही. "त्याने ते एक्केचाळीस साली लिहिलंय म्हणून."

समोरच्या वकिलाने हनुवटी इतकी वर केली की त्याच्या नाकपुड्या मोजता आल्या. ऑरिन मात्र मान वळवून रॉबर्टाकडे बघत होता. जजसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, जणू तिथून सतराशे एक्क्याण्णव दिसतं. मग ते म्हणाले की पेल्टनच्या पूर्वजांचा हा विचार शहाणपणाचा होता, फक्त तो त्यांना पन्नास वर्षं उशिरा सुचला, आणि एवढा उशिरा आलेला शहाणपणा घटनेला चालत नाही. नियम रद्द.

बाहेर पडताना सुया परत मिळाल्या. दोघं ट्रकमध्ये बसली. ऑरिनने कप्प्यातलं पिस्तूल काढून कमरेला लावलं होतं, पण ते पोटात रुतत होतं. पहिल्या चढावर त्याने ते काढून समोरच्या फळीवर ठेवलं. तोंड रॉबर्टाकडे.

"ऑरिन," ती म्हणाली.

"काय?"

समोर चिखलाचा रस्ता, दोन्ही बाजूंना बादल्या टांगलेली झाडं. शाळेत ऑरिन तिच्या मागच्या बाकावर बसायचा आणि पेन्सिलने तिच्या पाठीत टोचायचा. तेव्हाही ती काही बोलली नव्हती, बाईंच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली होती.

"काही नाही," ती म्हणाली आणि दाराला चिकटून बसली.

"तू ते सांगायला नको होतंस," थोड्या वेळाने ऑरिन म्हणाला. "म्हणजे माझ्या फायद्याचंच झालं. पण मी नसतं सांगितलं."

"म्हणून तुला कुणी दप्तरदार करत नाही."

"तेही खरं."

"मार्चमध्ये आणणार आहेस?"

ऑरिनने विचार केला. त्याला तो जड जात होता असं दिसलं. "आता आणावंच लागेल गं. नाहीतर लोक म्हणतील, आणायचं नव्हतं तर दावा कशाला लावलास?"

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सभागृह भरलं. नऊ वाजता सभापती विन हेझन यांनी हातोडा आपटला. विन ब्याऐंशी वर्षांचे, कान एकच चालू, पण सभेचे नियम त्यांना बायबलपेक्षा पाठ. ऑरिन पुढच्या रांगेत येऊन बसला, दोन मिनिटं अवघडला, मग उठून पिस्तूल टेबलावर ठेवून गेला. एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी आपलं विणकाम बघितलं.

रॉबर्टाने पेन उघडलं. तिने आधी पानाच्या माथ्यावर मोठ्या आकड्यांत साल लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं. मग इतिवृत्त लिहायला लागली.

दुपारी भाजलेल्या घेवड्याचं जेवण झालं. पेल्टनची रीत अशी की जेवणानंतर दप्तरदाराने सकाळचं इतिवृत्त वाचून दाखवायचं, म्हणजे पोटं भरलेली असताना भांडणं कमी होतात. रॉबर्टा उभी राहिली.

"सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. श्री. लायफर्ड यांनी भरलेले पिस्तूल टेबलावर ठेवले. तोंड दप्तरदाराकडे. कलम एक, सभापतींची निवड, श्री. हेझन एकमताने. पिस्तुलाचे तोंड दप्तरदाराकडे. कलम दोन, ग्रंथालयाचे छप्पर, मंजूर. तोंड दप्तरदाराकडे. कलम तीन, कुत्र्यांचे परवाने, मंजूर. तोंड दप्तरदाराकडे. कलम चार, रस्ता सपाट करायचे यंत्र, चर्चा एक तास पन्नास मिनिटे, निर्णय नाही. या सर्व वेळात तोंड दप्तरदाराकडे."

विणकामाच्या सुयांचा आवाज थांबला होता. मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहून टेबलाकडे बघितलं, मग आणखी दोघं उभे राहिले. वर्षभरात ही गोष्ट गावाने पहिल्यांदाच ऐकली होती. ऑरिननेही. त्याचे कान लाल झाले.

"हे... हे लिहायची काय गरज आहे?" तो म्हणाला.

"सभेत जे झालं ते लिहायचं असतं," रॉबर्टा म्हणाली.

"कोर्टाने मला परवानगी दिलीय!"

"म्हणून तर लिहिलं. कोर्टाला इतिहास लागतो. दोनशे वर्षांनी कुणी शोधत आलं, तर त्याला पान कोरं सापडू नये."

"सभापती," ऑरिन उभा राहिला, "पिस्तुलाची वाक्यं इतिवृत्तातून काढून टाकावीत असा ठराव मी मांडतो."

"काय टाकावं?" विन म्हणाले.

"वाक्यं! पिस्तुलाची!"

"ठराव मांडला गेलाय. अनुमोदन?"

नियमाविरुद्ध मत दिलेली एकसष्ट माणसं त्या सभागृहात होती. त्यांतल्या प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी बंदूक धरायला शिकवलं होतं, आणि पहिला धडा कोणता ते प्रत्येकाला आठवत होतं. त्यांनी आपापल्या टोप्या बघितल्या.

"अनुमोदन?" विन दुसऱ्यांदा म्हणाले. चालू कान त्यांनी सभागृहाकडे केला. "नाही. ठराव पडला. कलम पाच."

ऑरिन टेबलाजवळ आला. त्याने पिस्तूल उचललं आणि उजवीकडे वळवून ठेवलं. रॉबर्टाने घड्याळ बघितलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, "एक वाजून चार मिनिटं. तोंड सभापतींकडे."

विनना हे पहिल्या खेपेस ऐकू आलं. त्यांनी आपली खुर्ची टेबलापासून दोन हात लांब ओढली.

ऑरिनने ते डावीकडे केलं.

"एक वाजून पाच. तोंड मिसेस डॅना आणि डोनट यांच्याकडे."

"ऑरिन लायफर्ड!" मिसेस डॅना म्हणाली.

त्याने ते मागे, सभेकडे केलं, आणि पहिल्या तीन रांगा उठून उभ्या राहिल्या. खिडकीकडे केलं तर खिडकीबाहेर कुणाचा तरी घोडा बांधलेला. सभागृहात भिंती चार होत्या, पण प्रत्येक भिंतीपाशी गावातलं कुणीतरी बसलेलं होतं. इतकी वर्षं ऑरिनला वाटायचं की सभेला माणसंच येत नाहीत.

शेवटी त्याने पिस्तूल उचललं, कमरेच्या पट्ट्यात घातलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसला. ते पोटात रुतलं. त्याने बूड सरकवलं, पाय लांब केला, पुन्हा आखडला.

"एक वाजून नऊ," रॉबर्टा म्हणाली. तिचा हात ओल्या शाईवरून पुढे सरकला. "तोंड श्री. लायफर्ड यांच्या डाव्या मांडीकडे."

"डाव्या?" ऑरिनने विचारलं.

"डाव्या."

त्याने खाली वाकून बघितलं. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि कलम अकरापर्यंत जागचा हलला नाही.